पोटातल्या बाळाचं नाव वीस वर्षांच्या अभ्यासात घालावं का?

फोंड्याची उमा

माझी भाची सातव्या महिन्यात आहे. परवा तपासणीला गेली तेव्हा तिथे फाईल घेऊन एक ताई बसल्या होत्या. बाळ जन्मल्यापासून मोठं होईपर्यंत आम्ही अधूनमधून येऊन त्याचं वजन, उंची, रक्त, शाळा, स्वभाव सगळं लिहून ठेवणार, तुमची तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं. औषध नाही, सुई फारशी नाही, पैसेही नाहीत. येण्याजाण्याचं भाडं तेवढं मिळेल. फॉर्म मराठीतही आहे आणि चांगला जाडजूड आहे.

घरात दोन तट पडलेत. भाचीच्या सासूबाई म्हणतात, नाळेचं रक्त कुणाला द्यायचं नाही. तिचा नवरा जहाजावर, "तुला वाटेल तसं कर" म्हणून तो फोनवर मोकळा झाला. मी बँकेत होते, त्यामुळे बारीक अक्षरातले कागद मला कळतात असा भाचीचा समज आहे, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. वाचला. काय काय करणार ते त्यात आहे, कशासाठी ते मात्र "दीर्घकालीन आरोग्य व स्वास्थ्य" एवढ्यावर उरकलंय.

संस्थेचं नाव देत नाही, चर्चा तिकडे घसरायला नको. एका बाळामागे इतकी वर्षं लागून हाती काय येतं? जगात कुठे झालंय का असं? आणि तुमच्या घरचं बाळ असतं तर तुम्ही काय केलं असतं?

संकासुर

हाती काय येतं म्हणजे? पेपर येतात. शास्त्रज्ञाला बढती, बाळाला वजनकाटा. वीस वर्षांनी कळणार की गरिबाघरचं मूल आजारी पडतं. ते मी आजच सांगतो, भाडंसुद्धा नको.

नुस्तेंखाऊ

खुर्ची ओढून बसलो आहे. बांगडा तळून होईतो संकासुराला कोणीतरी उत्तर द्या.

आकडेमोड

उमाताई, प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मार्च १९४६. ब्रिटनमध्ये ३ ते ९ तारखेच्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या आयांना आरोग्यसेविका भेटल्या आणि १३,६८७ आयांची माहिती गोळा झाली. जन्मदर का घटतोय, बाळंतपणाला खर्च किती येतो, एवढंच तेव्हा जाणून घ्यायचं होतं. युद्ध नुकतंच संपलेलं, अन्न रेशनवर. काम एकदाच करून संपवायचं होतं. पण जेम्स डग्लस नावाच्या डॉक्टरने त्यातली ५,३६२ मुलं सोडली नाहीत. शाळेत गेली तेव्हा मोजली, नोकरीला लागली तेव्हा मोजली, सत्तरीत त्यातल्या पाचशेएक जणांच्या मेंदूचे स्कॅन काढले. ती मुलं आता ऐंशीची झाली. त्यांना वाढदिवसाचं कार्ड जातं. (इतक्या नेमाने मला माझी विमा कंपनीसुद्धा कार्ड पाठवत नाही.)

मग १९५८ चा असाच एक आठवडा, १९७० चा एक, आणि २००० ते २००२ मधली सुमारे १९ हजार मुलं. १९५८ च्या नोंदींतून आईने गरोदरपणी सिगारेट ओढली तर बाळ वजनाने कमी भरतं आणि दगावण्याचा धोकाही वाढतो हे ठसठशीत दिसलं. आज तुम्ही म्हणाल, यात काय नवल? तेव्हा डॉक्टरच वॉर्डात सिगारेट ओढत.

संकासुरा, तुझं "गरिबाघरचं मूल आजारी पडतं" हे खरं आहे, पण ते अर्धंच. किती आजारी, कोणत्या वयात खिळलं, मधे शाळा चांगली मिळाली तर वाट बदलली का, हे मागाहून विचारून कळत नाही. माणूस विसरतो, आणि विसरताना स्वतःला सोयीचं तेवढं ठेवतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं अशीच धरून ठेवली आहेत. त्यांना दर काही वर्षांनी मनाच्या आजारांबद्दल विचारत गेले, तर आयुष्यात कधी ना कधी असा आजार झालेल्यांचं प्रमाण, मोठेपणी एकदाच आठवून सांगणाऱ्यांच्या सर्व्हेंपेक्षा साधारण दुप्पट निघालं. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. तो वाईट काळ त्यांच्या हिशेबातून गळून गेला होता.

मीरा, मांडवीकाठ

त्याच अभ्यासात ४५ वर्षांपर्यंत ८६ टक्के लोकांना कधी ना कधी मनाचा कुठला तरी आजार होऊन गेला होता ना? मी तो आकडा वाचला तेव्हा आधी भीती वाटली, मग जरा बरं वाटलं.

आकडेमोड

हो, तोच. आणि ४५ व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक तपासणीला आले होते. माझ्या मते कुठल्याही निष्कर्षापेक्षा हा आकडा भारी आहे.

नुस्तेंखाऊ

बांगडा झाला. आता मुद्दा. गोव्यात लोकांना काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. साखर. आणि साखर कशाने होते तेही ठाऊक आहे. त्यासाठी पोटातल्या बाळाच्या मागे कशाला लागायचं?

डॉ. कुळागर

निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा इथे तोंड घालणं भाग आहे.

साखरेचा आकडा सांगतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निकाल २०२३ मध्ये आले. गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह. देशात पहिला नंबर. देशाची सरासरी ११.४. आता नुस्तेंखाऊ, हे शीतकडीमुळे, म्हणजे भात-कालवणामुळे, म्हणायचं तर शीतकडी आपले आजे-पणजेही खात होते, आणि भात काय फक्त गोव्यातच खातात? अशी पाहणी म्हणजे एका दिवसाचा फोटो. त्यात साखर किती लोकांना आहे ते दिसतं, ती कुठल्या रस्त्याने आली ते दिसत नाही.

रस्ता दिसला तो दिल्लीत. १९६९ ते १९७२ दरम्यान दक्षिण दिल्लीत जन्मलेल्या आठ हजारांवर मुलांच्या नोंदी होत्या. त्यातल्या १,४९२ जणांना तिशीच्या आसपास शोधून त्यांची साखर तपासली. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांची साखर बिघडलेली निघाली ते दुसऱ्या वर्षापर्यंत हडकुळे होते आणि पुढे बाराव्या वर्षापर्यंत उंचीच्या मानाने त्यांचं वजन भराभर वाढत गेलं होतं. आणि बाराव्या वर्षी त्यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं. ही ओळ परत वाचा. तपासायला आणलं असतं तर मी त्याच्या आईला "छान अंग धरलंय" म्हणून घरी पाठवलं असतं. आम्ही सगळे तेच म्हणायचो.

दुसरं आपल्या जवळचं, पुण्याचं. केईएम इस्पितळाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदर होण्याआधीपासून नोंद ठेवली. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीनच्या आसपास. बाळ लहान, स्नायू कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला काडी आणि आत लोणी. पुढे ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिक अॅसिडच्या गोळीतून मिळतं ते) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं सगळ्यांत जास्त दिसली.

फोलिक अॅसिडच्या गोळ्या आपण सगळ्यांना देतो, आणि द्यायलाच हव्यात, जन्मजात व्यंगं टळतात. पण शाकाहारी घरात बी-१२ कडे कोणी बघत नव्हतं. हे त्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी वर्षानुवर्षं हात पुढे केला म्हणून कळलं.

संकासुर

बरं, डॉक्टर, पण कळलं आणि पुढे काय? संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. हे तुमचेच लोक सांगतात.

डॉ. कुळागर

बरोबर. म्हणून पुढची पायरी वेगळी असते. पुण्याच्या त्याच गावांत दिसलं होतं की पालेभाजी, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं जरा थोराड होतात. त्यावरून मुंबईच्या झोपडपट्टीत प्रयोग केला: काही बायकांना गरोदर होण्याआधीपासून पालेभाजी-फळं-दुधाचा खाऊ रोज दिला, काहींना तसाच दिसणारा दुसरा खाऊ. सगळ्यांची बाळं काही वजनदार झाली नाहीत. ज्या आया स्वतः अगदीच खंगलेल्या नव्हत्या, त्यांच्यात फरक दिसला. गरोदरपणी होणारा मधुमेह मात्र चांगला कमी झाला. म्हणजे अंदाज थोडा बरोबर, थोडा चुकीचा. असंच पुढे सरकतं हे.

आकडेमोड

संकासुराच्या शंकेवर आणखी एक. "अंगावर पिणारी मुलं हुशार होतात" हे श्रीमंत देशांतून ऐकू यायचं. पण तिथे शिकलेल्या, सुस्थितीतल्या आयाच जास्त दिवस पाजतात, मग श्रेय दुधाचं की घराचं? ब्राझीलमध्ये पेलोतास शहरात १९८२ साली जन्मलेली सगळी, ५,९१४, बाळं नोंदली गेली. तिथे त्या काळी गरीब काय, श्रीमंत काय, पाजण्यात फारसा फरक नव्हता. तीस वर्षांनी जास्त काळ प्यायलेल्यांचा बुद्ध्यंक, शिक्षण आणि पगारही जास्त भरला. २०१५ मध्ये हे आलं. एकट्या या अभ्यासाने वाद मिटत नाही, पण श्रीमंतीचा आडोसा तरी गेला. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या समाजांतले जन्मगट, म्हणजे जन्मापासून धरून ठेवलेल्या मुलांचे असे गट, का लागतात, ते यावरून समजतं. युरोपातल्या बाळांवरून फोंड्याच्या बाळाचं भविष्य सांगू नये.

नुस्तेंखाऊ

माशाचं काही आहे का यात?

आकडेमोड

आहे, बाबा. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मधल्या चौदा हजारांवर गरोदर बायका घेऊन एक अभ्यास सुरू झाला. त्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दातसुद्धा जपून ठेवलेत. त्यात आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांची शब्दांची समज थोडी मागे राहिलेली दिसली. तोवर पाऱ्याच्या भीतीने गरोदर बायकांना मासे कमी खायला सांगत होते. पण वर म्हटलेली घराची गोम इथेही आहेच, तेव्हा उड्या मारू नको.

नुस्तेंखाऊ

मारल्या. ३४० ग्रॅम म्हणजे आमच्याकडे एका जेवणाचे. धागा यशस्वी झाला, माझ्याकडून बंद करायला हरकत नाही.

अंगणवाडीताई

मी पेडण्याकडची. इथे सगळे मोठ्या गोष्टी बोलतायत, मी कामातली सांगते. मूल सापडणं हेच अवघड असतं. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. माहेर कधी बांद्याला, कधी कारवारला, कधी बेळगावला. बाळंतपण तिथे, बारसं तिथे, तीन-चार महिन्यांनी बाळ घेऊन परत येते. जन्माचं वजन विचारलं की "अडीच असेल" म्हणते. कार्ड माहेरी राहिलेलं असतं. मग माझ्या रजिस्टरात काय लिहू?

आणि जी सासरीच बाळंत होते ती भाड्याच्या खोलीत राहणारी, बाहेरून आलेली. तिचा मालक वर्षाला खोली बदलायला लावतो. उमाताई, तुमच्या भाचीने नाव घातलं तरी ती पुढच्या महिन्यात असणार कुठे?

फोंड्याची उमा

ताई, बरोबर पकडलंत. माहेर दोडामार्गला आहे आणि जायचं ठरलंय. फाईलवाल्या बाईंनी हे विचारलंच नव्हतं.

आकडेमोड

हे विचारलं नसेल तर मला त्यांची काळजी वाटते. आपल्या देशातल्या अशा अभ्यासांना माहेरची वाट धरूनच आखणी करावी लागते. त्यात गोव्याची आणखी एक गंमत. इथे जवळपास सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, त्यामुळे वाटतं की इस्पितळात बसलं की बाळं आयती मिळतील. पण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारच्याही बायका येतात, आणि गोव्यातल्या पैसेवाल्या खाजगीत जातात. इस्पितळात बसून मोजलेला गोवा हा गोवा नसतो. १९४६ वाल्यांनीही पुढच्या पाठपुराव्यातून जुळी मुलं आणि लग्नाबाहेर जन्मलेली मुलं वगळली होती. कोण वगळलं गेलं ते आधी विचारावं, निकाल मग वाचावेत.

तारवटी

सलाम. जहाजावरून लिहितोय, वायफाय गेलं तर तुटक वाटेल.

आमच्या वाड्यावरची माझ्या वयाची पोरं मोजा. निम्मी गल्फमध्ये, काही स्विंडनला, काही माझ्यासारखी पाण्यात. पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडला की घराला कुलूप. तुम्ही बाळाला पाच वर्षं मोजाल, सहाव्या वर्षी ते परदेशातल्या शाळेत असेल. ड्युनेडिनवाल्यांनी ९४ टक्के कसे आणले?

आकडेमोड

विमानाने. परदेशी गेलेल्यांना तिकीट काढून परत ड्युनेडिनला आणतात, दिवसभर तपासतात, परत पाठवतात. खर्च प्रचंड. पण विचार करा, जे निघून जातात ते आणि जे राहतात ते सारखे नसतात. गेलेले गाळून निकाल काढला तर आपल्याला राहिलेल्यांचा गोवा कळेल. ज्या गोव्याची सगळ्यांत जास्त चर्चा होते तो, म्हणजे गेलेला, कळणारच नाही. तिकिटं नाहीत तर निदान फोनवर प्रश्न, आणि तिथल्या शाळेतल्या मोजमापांची नोंद. पण ते पहिल्या दिवशीच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं हवं.

मीरा, मांडवीकाठ

गोव्यात असं काही झालंच नाही असा सूर लागतोय, म्हणून लिहिते. छोटं का होईना, झालंय, आणि त्याने माझं डोकं ताळ्यावर आणलं.

संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० बायकांना शेवटच्या तिमाहीत गाठलं आणि बाळंतपणानंतर पुन्हा भेटले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यातल्या बहुतेकजणी बाळंतपणाच्या आधीपासूनच बऱ्या नव्हत्या, आणि निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं, घरातली मारहाण. आणि मुलगी झाली की हे सगळं आणखी जड, मुलगा झाला तर थोडं हलकं. हे २००२ मध्ये छापून आलं.

पुढच्या वर्षी बाळांचं आलं. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने मागे असण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पटीहून जास्त. उंचीतही मागे. एकदाच भेटून हे कळलं नसतं. बाळ रोडावलंय म्हणून आई खचली, असंही कोणी म्हणू शकलं असतं. आधी आई मोजली आणि नंतर बाळ, म्हणून आधी काय घडलं ते दिसलं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी रडायची तेव्हा घरात सगळे म्हणायचे दूध आटेल, रडू नको. दुधाची काळजी सगळ्यांना. आता अंगणवाडीत वजन काट्यावर मूल मागे दिसलं की ताई खाऊचं पाकीट देतात. त्या आईला "तू कशी आहेस" म्हणून विचारायला कोणाच्या रजिस्टरात जागा आहे का?

अंगणवाडीताई

नाही गे. पण विचारते मी. लिहायला जागा नाही एवढंच.

डॉ. कुळागर

मीराताईंनी सांगितलं त्याला पुढे फळ आलं. गोव्यात खचलेल्या गरोदर बायकांना शेजारपाजारच्याच, आई झालेल्या साध्या बायकांनी, "सखीं"नी, घरी जाऊन आधार द्यायचा, असा प्रयोग २८० जणींवर झाला. त्याचे निकाल २०१९ मध्ये आले. कोणाला प्रश्न पडला होता ना, अभ्यास करून पुढे काय?

मये तळें

मला एक गोष्ट कायम सलते. आमच्या डिचोली तालुक्यात खाणी होत्या. २०१२ मध्ये बंद झाल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. धुळीचे ट्रक असताना जन्मलेली मुलं, आणि ट्रक थांबल्यावर जन्मलेली मुलं, गाव तेच, पाणी तेच. एका पिढीची फुप्फुसं धुळीत वाढली, दुसरीची धुळीशिवाय, पण दुसरीच्या बापाचं काम गेलेलं, ट्रकचे हप्ते थकलेले. कोणतं जास्त लागलं, धूळ की बेकारी? कुणी २००५ पासून मोजत बसला असता तर आज उत्तर असतं. आता सभेत एक बाजू ओरडते, दुसरी ओरडते, दोघांकडे कागद नाही.

संकासुर

मयेकर, हे मात्र पटलं. पण मग सरकारने सरळ गोव्यातली सगळी बाळं घ्यावीत की. लहान राज्य.

आकडेमोड

अमेरिकेने असाच विचार केला होता. २००० साली कायदा केला, एक लाख बाळं घ्यायची ठरवली, अब्जाहून जास्त डॉलर खर्च केले आणि डिसेंबर २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. ब्रिटनने नवा अभ्यास आखला, ८० हजार बाळांचा. आयाच पुढे आल्या नाहीत म्हणून २०१५ मध्ये बंद. पैसा आहे आणि बाळं जन्मतात म्हणून हे होत नाही. आईला रोजच्या धबडग्यात वेळ काढावासा वाटला पाहिजे. पुण्याच्या सहा गावांत जमलं, कारण तीच माणसं, त्याच पायवाटेने, वर्षानुवर्षं येत राहिली.

संकासुर

ठीक. आता माझी खरी अडचण. सही आई करणार, रक्त बाळाचं. नाळेचं रक्त आज ठेवतील, दहा वर्षांनी त्यातून जीन्स काढतील, तेव्हा आईला विचारणार का? आणि ते मूल अठरा वर्षांचं होऊन म्हणालं की माझं सगळं पुसा?

वकीलबाय, आल्तिनो

दिवाणी वकिली करते, हा माझा मुख्य प्रांत नाही, पण वाचलेलं सांगते.

आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार सही पालकांची, पण सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याची स्वतःची संमती नव्याने. कधीही बाहेर पडता येतं, आणि पडलं म्हणून उपचारात हात आखडता येत नाही. प्रत्येक अभ्यासाला नीतिसमितीची मंजुरी लागते. समितीचा संपर्क फॉर्मवर असायलाच हवा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा अठराखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो. पण संशोधनाला त्यात सवलत ठेवली आहे, ठरावीक मानकं पाळली तर. म्हणून फक्त कायद्यावर विसंबू नका. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते बघा: रक्त किती वर्षं ठेवणार, कुठे, राज्याबाहेर की देशाबाहेर, जनुकांसाठी वेगळी सही आहे का, बाहेर पडल्यावर उरलेलं रक्त नष्ट करणार का.

डॉ. कुळागर

उमाताईंच्या भाचीच्या सासूबाईंसाठी: नाळ कापल्यावर वारेकडे उरलेलं रक्त घेतात. बाळाच्या अंगातून काढत नाहीत. घेतलं नाही तर ते वारेबरोबर टाकूनच देतात. त्यांची भीती "आमच्या बाळाचं रक्त कुणाच्या हाती जाणार" ही असेल तर ती वकीलबायच्या यादीत बसते, तिला अंधश्रद्धा म्हणून उडवू नका. ती रास्त आहे.

आणि एक प्रश्न माझ्यातर्फे विचारा. तपासणीत बाळाला काही आढळलं, कानाचं, हृदयाचं, रक्ताचं, तर आम्हाला कधी सांगणार आणि पुढे कुठे पाठवणार? याचं उत्तर लगेच, ठाम मिळालं तर माझ्या नातवाचं नाव मी घातलं असतं. "तसं काही आमच्या प्रोटोकॉलमध्ये नाही" म्हणाले तर नसतं घातलं.

संकासुर

डॉक्टरांशी मी सहमत होईन असं वाटलं नव्हतं. धाग्याला नजर लागली.

मये तळें

अवांतर विचारतो. नवीन बाळं मोठी व्हायला माझं आयुष्य पुरणार नाही. जुनं काही उकरता येत नाही का? जन्मनोंदी तर आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या आहेत.

आकडेमोड

अवांतर नाही, हा तर राजमार्ग आहे. इंग्लंडच्या हार्टफर्डशायर परगण्यात सुइणी आणि आरोग्यसेविकांनी १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वह्यांत लिहिलं होतं. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या सापडल्या. त्यातली माणसं शोधली, तर वर्षाच्या वयाला वजनाने मागे असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. १९८९ मध्ये ते छापलं आणि गर्भातल्या वाढीचं म्हातारपणाशी नातं आहे, या विचाराला त्यातून धार आली. मैसूरला होल्ड्सवर्थ मेमोरियल इस्पितळाकडे १९३४ पासूनच्या बाळंतपणांची वजन-लांबी-डोक्याचा घेर अशी बाडं होती. घरोघर फिरून त्यातली माणसं शोधली.

पण नुसत्या जन्मनोंदीचा उपयोग नाही, वजन हवं. ते इस्पितळाच्या बाळंतपणाच्या रजिस्टरात असेल, वाळवीने आणि पावसाळ्याने ठेवलं असेल तर.

मीरा, मांडवीकाठ

आणि आम्हाला कसं शोधणार? रजिस्टरात माझ्या आईचं नाव, माझं पाळण्यातलं नाव आणि बापाचं आडनाव. लग्नात माझं आडनाव गेलंच, पहिलं नावही तांदळात लिहून बदललं.

आकडेमोड

बार्कर यांचा पहिला निकाल फक्त पुरुषांचा होता, तो यामुळेच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका कागदावर सापडत नव्हत्या. आणि तिथे निदान पहिलं नाव तरी तेच राहत होतं.

फोंड्याची उमा

आत्ता फॉर्म पुन्हा उघडला. "मातेचे नाव" एवढा एकच रकाना. भाचीचं आधार सासरच्या नावाने, दोडामार्गच्या इस्पितळात नोंद माहेरच्या नावाने होणार. सोमवारी त्या बाईंना फोन करते: माहेर, दुसरं नाव, काही आढळलं तर कोण सांगणार, रक्त किती वर्षं. उत्तरं इथे टाकते.

अंगणवाडीताई

आमच्याही रजिस्टरात तो रकाना नाही. मी दोन्ही नावं समासात पेन्सिलीने लिहिते.